गावानं कोणाला पोसायचं? अठराव्या शतकातल्या इंग्रजी खेड्याचा हिशोब

गरिबांना थेट पैसे द्यावेत की नाही यावर चर्चा रंगली की एक वाक्य ठरलेलं असतं: 'फुकट मिळालं की माणूस काम सोडतो.' त्याच्या पाठोपाठ दुसरं येतंच: 'आणि पोरं वाढवतो.' दोन्ही अगदी आजची वाटतात. पण त्यांना अर्थशास्त्राची झूल चढली ती सव्वादोनशे वर्षांपूर्वी, इंग्लंडमधल्या खेड्यांकडे बोट दाखवून. त्या खेड्यांत नेमकं काय चाललं होतं हे पाहिलं, तर ही वाक्यं तितक्या बिनधास्तपणे तोंडातून निघणार नाहीत.

मुळात इंग्लंडमध्ये गरिबाला मदत करणं ही मर्जीची गोष्ट नव्हती. १६०१ साली, एलिझाबेथ राणीच्या काळात, कायदा पक्का झाला: प्रत्येक पॅरिशनं आपापले गरीब सांभाळायचे आणि त्यासाठी गावातल्या घरजमिनीवर कर बसवायचा. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख. खेड्यांपुरतं बोलायचं तर ते गावच, म्हणून पुढं गावच म्हणू. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशी सुमारे पंधरा हजार पॅरिश होती. पंधरा हजार गावं, पंधरा हजार हिशोबाच्या वह्या आणि वरून विचारणारं जवळपास कोणी नाही.

माणसं किती, हे कोणाला ठाऊक होतं?

अठराव्या शतकात कोणालाच नाही. इंग्लंडची पहिली शिरगणती १० मार्च १८०१ ला झाली. त्याआधीची लोकसंख्या आज आपल्याला सांगता येते ती चर्चच्या वह्यांवरून. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवायची असा हुकूम १५३८ सालीच निघाला होता. विसाव्या शतकात केंब्रिजच्या इतिहासकारांनी अशा ४०४ गावांच्या वह्या चाळल्या, महिन्यामहिन्याच्या नोंदी मोजल्या आणि त्यावरून देशाचा अंदाज बांधला. १७०१ च्या सुमारास इंग्लंडात ५० लाखांच्या आसपास माणसं होती. १७५१ ला ती ५८ लाखांच्या जवळ गेली आणि १८०१ ला ८७ लाखांच्या. म्हणजे पहिल्या पन्नास वर्षांत वाढ रांगत होती, पुढच्या पन्नासांत ती धावू लागली.

या वह्यांना अर्थातच भोकं आहेत. इंग्लंडच्या अधिकृत चर्चला न मानणारे लोक त्यांत नीट सापडत नाहीत. बाप्तिस्म्याआधीच गेलेली तान्ही बाळंही सापडत नाहीत. त्यात १७८३ साली सरकारनं प्रत्येक नोंदीवर तीन पेनी कर लावला, गरिबांना मात्र माफी दिली. आपल्या नावापुढं 'गरीब' असा शेरा असण्यात त्यामुळं चक्क फायदा झाला. तो कर १७९४ ला उठला.

वाढ कशामुळं झाली? मरण थोडं मागं हटलं हे खरं, पण मोठा वाटा लग्नाच्या वयाचा होता. इंग्रजी रिवाजात लग्न म्हणजे वेगळी चूल. नवराबायकोनं सासूसासऱ्यांच्या घरात राहायचं ही पद्धतच नव्हती. त्यामुळं मुलगा असो वा मुलगी, मिसरूड फुटायच्या वयात दुसऱ्याच्या घरी सालानं कामाला राहायचं, चार पैसे गाठीला बांधायचे आणि मग लग्न. शतकाच्या सुरुवातीला मुलींचं पहिलं लग्न सरासरी सव्विसाव्या वर्षी होई. एकोणिसाव्या शतकाच्या तोंडाशी ते तेविसाच्या थोडं पुढं आलं. तीन वर्षं लवकर लग्न म्हणजे एखादं बाळंतपण जास्त, आणि हे लाखो घरांत.

वेगळ्या चुलीचा आणखी एक परिणाम होता. घरं लहान असत, सरासरी पावणेपाच माणसांची. पोरं उडून गेली की म्हातारी एकटी राही. तिला बघायचं कोणी? इंग्रजी गावाचं उत्तर होतं: गावानं. मदतीच्या वहीत धडधाकट गडी फार पुढं आले ते शतकाच्या अखेरीस. त्याआधीची पानं भरली आहेत ती विधवा, म्हातारे, आजारी आणि पोरकी मुलं यांच्या नावांनी.

बारा महिने काम कोणाला?

शेतकामाचे दोन प्रकार होते. एक सालगडी: दक्षिणेत २९ सप्टेंबरच्या मायकेलमस सणाला वर्षाचा करार, मालकाच्याच घरी जेवण-झोप, आणि तो बहुधा अविवाहित. दुसरा रोजंदारीवरचा मजूर, लग्न झालेला, भाड्याच्या झोपडीत राहणारा. शतक सरत गेलं तसे दक्षिण आणि पूर्वेकडच्या धान्याच्या पट्ट्यात सालगडी कमी होत गेले. धान्याचे भाव चढले होते आणि चार गड्यांना घरात जेवू घालण्यापेक्षा हवं तेव्हा रोजावर बोलावणं शेतकऱ्याला परवडू लागलं.

रोजावरच्या माणसाचं वर्ष सुगीत भरगच्च असे आणि हिवाळ्यात मोकळं. थंडीत कोठारात धान्य झोडपण्याचं काम तेवढं हाताशी राही.

पण गड्याच्या मजुरीवर घर कधीच चालत नव्हतं. घराला बारीक बारीक आधार असत. बायका आणि मुली सूत काढत. बेडफर्डशर आणि आसपासच्या परगण्यांत लेस विणत, त्यासाठी लहान पोरींना लेसच्या शाळेत घालत. त्याच परगण्यातल्या कार्डिंग्टन गावाची १७८२ सालची घरवार यादी उपलब्ध आहे. घर सोडून गेलेली मुलं कुठं आहेत हेही तीत लिहिलंय. मुलगे कामासाठी लवकर बाहेर पडलेले दिसतात, मुली लेस आणि सूत यांच्यामुळं आईजवळ राहिलेल्या.

गायरान हा दुसरा आधार. तिथं एखादी गाय, चार बदकं, जळणाला काटक्या. आणि सुगीनंतर सरवा: कापणी झालेल्या रानात बायकापोरं पडलेली कणसं वेचत, आणि त्यावर कित्येक आठवड्यांचं पीठ निघे.

शतकाच्या उत्तरार्धात हे आधार एकेक करून सुटले. १७५० ते १८५० या शंभर वर्षांत पार्लमेंटनं सुमारे चार हजार कायदे करून गावोगावची सामाईक रानं आणि गायरानं वाटून खासगी कुंपणात घातली. ज्याच्याकडे कागद होता त्याला बदली जमीन मिळाली. केवळ वहिवाट असलेल्याच्या हाती बहुतेक वेळा काही आलं नाही. १७८८ साली सरव्याचा खटला वरच्या कोर्टात गेला आणि कोर्टानं सांगितलं की सरवा वेचण्याचा सर्वसाधारण हक्क कायद्यात नाही. (लोकांनी तरी बऱ्याच गावांत वेचणं सोडलं नाही, हा भाग वेगळा.) त्याच सुमारास सूतकताईची यंत्रं आली आणि चरख्यावरची कमाई गावागावातून आटत गेली.

बार्कममधल्या एका घराचा आठवडा

बर्कशर परगण्यात बार्कम नावाचं छोटं गाव आहे. तिथले पाद्री डेव्हिड डेव्हिस यांनी १७८७ मध्ये मजुरांच्या घरात बसून त्यांचा आठवड्याचा खर्च उतरवून घेतला आणि पुढं १७९५ मध्ये तो पुस्तकात छापला. त्यातलं एक घर बघा. नवराबायको आणि पाच मुलं. (बारा पेनींचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड. रत्तल म्हणजे साधारण अर्धा किलो.)

साडेसात गॅलन पीठ, ६ शिलिंग ३ पेनी. यीस्ट आणि मीठ, ४ पेनी. खारवलेलं डुकराचं मांस आठवड्याला एक रत्तल, ८ पेनी. ते दोनतीनदा पाल्याबरोबर उकळायचं आणि उरलेल्या पाण्यात पाव-बटाटे घालून मुलांना द्यायचं. एक औंस चहा, पाऊण रत्तल साखर आणि अर्धा रत्तल लोणी किंवा चरबी मिळून १ शिलिंग. पाव रत्तल साबण, सव्वादोन पेनी. मेणबत्त्या ३ पेनी. फाटलेलं शिवायला दोरा आणि लोकर, ३ पेनी.

बेरीज ८ शिलिंग सव्वाअकरा पेनी. कमाई? गड्याचे वर्षाच्या सरासरीनं आठवड्याला ८ शिलिंग, तेही काम सलग मिळालं तर. बायको पेरणी, गवतकापणी आणि सुगीत जे मिळवे ते आठवड्यावर पसरलं तर ६ पेनी. एकूण ८ शिलिंग ६ पेनी. दर आठवड्याला सव्वापाच पेनींची तूट, आणि या यादीत घरभाडं नाही, जळण नाही, कपडे नाहीत, बाळंतपण नाही, आजारपण नाही.

खर्चातले सत्तर टक्के पिठावर गेले हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. चहाचंही सांगायला हवं. 'गरीब चहा पितात, चैन करतात' अशी तक्रार त्या काळी सुखवस्तू लोकांत जोरात होती. डेव्हिस यांचं म्हणणं उलट होतं. दूध मिळेनासं झालं आणि बिअर परवडेनाशी झाली, म्हणून कोरड्या पावाबरोबर गरम पाणी तरी घशाखाली जावं यासाठी चहा आला. चहामुळं हलाखी आलेली नाही, हलाखीमुळं चहा आला आहे. उधळपट्टीचा आरोप करणाऱ्याला याहून नेटकं उत्तर मी तरी वाचलेलं नाही.

मदत द्यायचं काम कोणाचं?

गावातल्याच एकाचं. दरवर्षी शेतकरी किंवा दुकानदार यांच्यातून एक-दोघांची 'ओव्हरसीअर' म्हणून नेमणूक होई. पगार नाही, नकार देता येत नाही. त्यानं कर गोळा करायचा, वाटायचा आणि वर्षाअखेरीला हिशोब दाखवायचा. ससेक्समधल्या ईस्ट होथली गावचे दुकानदार थॉमस टर्नर यांनी १७५४ ते १७६५ दरम्यान रोजनिशी लिहिली. ते स्वतः या कामावर होते. गावसभेच्या बैठका, त्यांतली भांडणं आणि दारू, सगळं त्यांनी टिपून ठेवलंय. १८०१ ची शिरगणतीसुद्धा गावोगाव या ओव्हरसीअरांकडूनच करवून घेतली गेली.

या माणसांच्या वह्या वाचण्यासारख्या असतात. म्हातारीला आठवड्याला शिलिंग-दोन शिलिंग. कोणाला बुटांची जोडी, कोणाच्या मुलाला सदरा. घरभाडं, सरपण, सुईण, डॉक्टर, शेवटी पेटी आणि मयतीला आलेल्यांसाठी बिअर. देणारा आणि घेणारा एकमेकांना लहानपणापासून ओळखणारे. त्यात माया होती आणि जाचही. १६९७ च्या कायद्यानं मदत घेणाऱ्याच्या उजव्या खांद्यावर लाल किंवा निळ्या कापडाचा बिल्ला सक्तीचा केला. त्यावर गावाचं आद्याक्षर आणि गरिबीची खूण म्हणून 'पी' हे अक्षर. सगळीकडे तो शिवला गेलाच असं नाही, पण कायद्यात १८१० पर्यंत राहिला. पोरकी मुलं लहानपणीच एखाद्या मालकाकडे शिकाऊ म्हणून बांधून दिली जात, मुलगे १७७८ पर्यंत तर चोविसाव्या वर्षापर्यंत. १७२३ पासून गावांना श्रमगृह, म्हणजे गरिबांनी आत राहून काम करायचं आणि त्यावर पोट भरायचं अशी जागा, उघडून 'आत या, नाहीतर काही मिळणार नाही' असं म्हणायची मुभाही मिळाली.

'हा आमच्या गावचा नाही'

सगळी गुंतागुंत इथं आहे. गावानं आपले गरीब सांभाळायचे, पण आपले कोण? १६६२ च्या कायद्यानं ठरवलं की प्रत्येकाचं एक हक्काचं गाव असेल. या हक्काला 'सेटलमेंट' म्हणत. आपल्याकडे रेशनकार्ड गावच्या दुकानाला बांधलेलं असलं की पुण्यात बांधकामावर गेलेल्या माणसाला तिथं धान्य मिळत नसे, तसंच हे. फरक इतकाच की इंग्लंडात त्या माणसाला उचलून परत पाठवता येई.

हा हक्क वडिलांकडून येई. लग्न झालं की बाईला नवऱ्याचं गाव लागे. सतराव्या शतकाच्या अखेरीस आणखी वाटा उघडल्या: गावात शिकाऊ म्हणून राहिलात, किंवा अविवाहित असताना सलग एक वर्ष चाकरी केलीत, तर ते गाव तुमचं. यावर शेतकऱ्यांनी काढलेली पळवाट कोणत्याही लेबर कॉन्ट्रॅक्टरला ओळखीची वाटेल. ५१ आठवड्यांचा करार करायचा. वर्ष भरतच नाही.

सर्वांत वाईट हाल अविवाहित गरोदर बाईचे. अनौरस मूल जिथं जन्मेल ते त्याचं गाव, म्हणून दिवस भरत आलेल्या बाईला हद्दीपलीकडे ढकलण्याची घाई असे. किंवा परगावच्या बापाला गाठून दोघांचं लग्न लावायचं, अंगठीचा खर्चही गावानंच करायचा. लग्न लागलं की बाई आणि बाळ दोघं त्या गावच्या खात्यात. १७९५ मध्ये कायदा सैलावला: माणूस प्रत्यक्ष मदत मागेपर्यंत त्याला हाकलता येणार नाही.

मग माणसं गावातच अडकून पडली का? तसंही नाही. तरुण पोरं वर्षावर्षाला गावं बदलत. मूळ गावाकडून 'हा आमचा, लागलं तर परत घेऊ' असं प्रमाणपत्र आणलं की परगावी राहता येई. काही गावं तर लंडनला गेलेल्या आपल्या गरिबांना तिथंच पैसे पाठवत. त्या माणसांची पत्रं टिकून आहेत आणि त्यांतला सूर पक्का व्यवहारी आहे: थोडे पैसे पाठवा, नाहीतर सगळं बिऱ्हाड घेऊन परत यावं लागेल, मग तुम्हालाच जास्त पडेल.

पावाच्या भावावर ठरलेली मदत

१७९५ साली पीक बुडालेलं, फ्रान्सशी युद्ध चालू, गव्हाचे भाव गगनाला भिडलेले. बार्कमच्याच परगण्यातले न्यायाधीश ६ मे १७९५ ला स्पीनहॅमलंड इथल्या पेलिकन खाणावळीत जमले. बैठक बोलावली होती किमान मजुरी ठरवायला. ठरलं वेगळंच. मजुरी तशीच ठेवायची आणि कमी पडेल ते गावच्या करातून भरून द्यायचं.

त्यांचं कोष्टक असं: ८ रत्तल ११ औंसांचा, म्हणजे जवळजवळ चार किलोचा पाव एक शिलिंगाला असेल, तर मजुराच्या हाती स्वतःसाठी आठवड्याला ३ शिलिंग आणि बायको व प्रत्येक मुलामागं दीड शिलिंग पडले पाहिजेत. बार्कमच्या सात माणसांच्या घराला हे लावलं तर १२ शिलिंग होतात. कमाई साडेआठ शिलिंग धरली तर गावानं साडेतीन शिलिंग द्यायचे. पाव एका पेनीनं महागला की मजुराचे तीन पेनी वाढायचे, बाकी प्रत्येकाचा एक. पाव १ शिलिंग ४ पेनी झाला की त्याच घराला १५ शिलिंग.

हा देशाचा कायदा कधीच नव्हता. एका परगण्याचं हे परिपत्रक, पण दक्षिणेत ठिकठिकाणी याच धर्तीची कोष्टकं चालू झाली. त्याच वर्षाच्या हिवाळ्यात खासदार सॅम्युअल व्हिटब्रेड यांनी किमान मजुरीचं विधेयक पार्लमेंटमध्ये आणलं होतं. पंतप्रधान पिट यांनी विरोध केला आणि ते पडलं.

खर्च मात्र फुगत गेला. इंग्लंड-वेल्समध्ये १७७६ ला गरिबांवर सुमारे १५ लाख पौंड खर्च झाले. १८०३ ला ४० लाखांच्या वर, आणि तेव्हा शंभरातली अकरा माणसं काही ना काही मदत घेत होती. १८१८ ला आकडा ८० लाखांच्या जवळ पोचला. यातला बराच भाग महागाईचा आणि वाढत्या लोकसंख्येचा, पण कर भरणाऱ्याला ते थोडंच दिसतं.

मग लोक आळशी झालेच ना?

आरोप असा: तूट गाव भरून देणारच, तर घाम कशाला गाळा? ऐकायला सरळ वाटतं. पण या व्यवस्थेत बसलेला दुसरा माणूस पाहायला हवा. मदत किती द्यायची हे गावसभेत मोठे शेतकरी ठरवत, आणि मजुरांना कामावर ठेवणारेही तेच. कर मात्र मजूर न लावणारा दुकानदार, छोटा शेतकरी आणि पाद्री यांनाही भरावा लागे. म्हणजे हिवाळ्यात गड्याला घरी बसवायचं, त्याला जगवण्याचा खर्च सगळ्या गावावर टाकायचा आणि सुगीला तो हाताशी हजर. काही गावांत बेकार गड्यांना पाळीपाळीनं एकेका शेतकऱ्याकडे पाठवत आणि मजुरीचा काही भाग गाव देई. फुकट कोणाला मिळालं याचा विचार केला तर माझं बोट मजुराच्या आधी मालकाकडे जातं.

१९६३ मध्ये मार्क ब्लॉग या अर्थतज्ज्ञानं जुने आकडे पुन्हा तपासले. मदत जास्त असलेले परगणे तेच होते जिथं धान्यशेती होती, हिवाळी बेकारी होती आणि जवळपास कारखाने नव्हते. काम आधीच नव्हतं, मदत मागून आली.

आणि पोरं?

थॉमस माल्थस यांनी १७९८ च्या निबंधात हेच म्हटलं: मदतीच्या भरवशावर गरीब लग्न करतात, तोंडं वाढतात, अन्न वाढत नाही. माणूस हवेत बोलत नव्हता, सरेमधल्या एका खेड्यात पाद्री म्हणून राहिलेला होता. पण वाढीनं वेग घेतला तो १७५० नंतर, स्पीनहॅमलंडच्या आधी चाळीस वर्षं. आणि पावाच्या कोष्टकांचा फारसा प्रसार नसलेल्या लँकशरमध्ये लोकसंख्या झपाट्यानं वाढली, कारण तिथं गिरण्यांत काम होतं. मुलामागं मिळणाऱ्या पैशाचा जन्मदरावर अजिबात परिणाम नव्हता असं मात्र म्हणता येत नाही. जॉर्ज बॉयर यांच्या १९९० च्या अभ्यासात तो दिसतो. पण लग्नाचं वय उतरण्यामागं त्याहून साधं कारण होतं. सालगड्याला मालकाच्या घरात लग्न करून राहता येत नसे. रोजंदारीवरच्याला थांबण्याचं कारणच उरलं नव्हतं.

हे प्रकरण मिटलं कसं

१८३० साली दक्षिणेतल्या मजुरांनी मळणीयंत्रं फोडली. हिवाळ्यातलं उरलंसुरलं काम तीच खात होती. सरकार हादरलं, चौकशी आयोग बसला आणि १८३४ मध्ये नवा कायदा आला. गावांचे गट करून श्रमगृहं बांधायची, आणि तिथलं जिणं बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जिण्याहूनही नकोसं ठेवायचं. म्हणजे अगदीच नाइलाज झालेलाच आत येईल.

हा विचार इंग्लंडपुरता राहिला नाही. माल्थस १८०५ पासून मरेपर्यंत, म्हणजे १८३४ पर्यंत, ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. हिंदुस्थानात येणारे मुलकी अधिकारी तिथूनच तयार होत. त्याच हेलीबरी कॉलेजातून, माल्थस यांच्यानंतर काही वर्षांनी, रिचर्ड टेंपल बाहेर पडले. १८७७ च्या दुष्काळात दख्खनमधल्या सरकारी कामांवरच्या गड्याची मजुरी कापून दिवसाला एक रत्तल धान्य आणि एक आणा करण्यामागं हेच टेंपल होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्याला लेखी विरोध केला, आणि मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी ती मजुरी नाकारून कामं सोडली.